आधी सरळ

‘दार उघडं ठेवलंत ते छान केलंत. कोळंबीला जरा वारा लागेल.’

‘नको, घाई नको. ट्रक काय, उद्याही जाईल.’

‘बूट नकोतच. पाय आपला, बर्फही आपलाच.’

‘आज काय अत्तर शिंपडलंत काय?’

चारही वाक्यं फळ्यावर लिहून आम्रपाली तांबे वळली. कारखान्यातली माणसं खुर्च्यांवर हसत होती.

सुजयही हसत होता. मग त्याचं हसू हळूहळू उतरलं. मासळी गोठवायच्या या कारखान्यात तो पाळीप्रमुख होता. पहिली तिन्ही वाक्यं आत्मारामकाका त्यालाच बोलले होते, आणि तिन्ही वेळा तो पोट धरून हसला होता. पहिल्यानंतर शीतगृहातला माल नासला. दुसऱ्यानंतर न्हावाशेव्याचं जहाज चुकलं. तिसऱ्यानंतर बर्फावर घसरलेला बाबल्या पुढच्याच रांगेत प्लास्टरमधला पाय लांब करून बसला होता.

“चौथं आमच्याकडलं नाय,” आत्माराम म्हणाले. कंप्रेसर सांभाळणारे आत्माराम, अख्ख्या मिरकरवाड्यात तिरकं बोलण्यात त्यांचा हात कुणी धरत नसे. “पण झकास हां.”

“नाही. ते दुसरीकडचं आहे,” आम्रपाली म्हणाली.

मालकांनी तिला बोलायला शिकवण्यासाठी बोलावलं होतं. बोलायला! रत्नागिरीच्या माणसाला! सुजयला वाटलं होतं, इंग्रजी गुड मॉर्निंग शिकवील, टाय बांधायला लावील. तिने एवढंच सांगितलं, “धोका दिसला की आधी सरळ सांगायचं. ऐकणाऱ्याने तेच मोठ्याने परत म्हणायचं. त्यानंतर दिवसभर तिरकं बोला, माझी हरकत नाही.”

“मॅडम, आमच्यात सरळ बोललं की भांडण होतं,” सुजय म्हणाला.

“होऊ दे की. भांडायला निदान दोघं जिवंत लागतात.”

सगळे हसले. ती नाही.

मग सराव. आत्मारामांनी सुजयला फक्त ‘दार बंद कर’ एवढं सांगायचं होतं.

“सुजयशेठ, दारांना बिजागऱ्या असतात म्हणे.”

हशा.

“पुन्हा,” आम्रपाली म्हणाली.

“सुजयशेठ, तुमच्या घरीही दार असेल ना?”

बाबल्या खुर्चीवरून पडता पडता राहिला. आम्रपालीच्या ओठाची कड हलली नाही.

“पुन्हा, काका.”

आत्मारामांचा चेहरा पडला. आयुष्यभर ज्यावर टाळ्या घेतल्या तेच कुणी हातातून काढून घेत होतं. ते घुश्शात ओरडले, “दार बंद कर!”

“दार बंद करतो,” सुजय म्हणाला. दोघांनाही उगाच लाज वाटली. कुणाचं ऐकून तेच परत म्हणायचं म्हणजे शाळेतल्या पाढ्यांसारखं. पण ती दर आठवड्याला येत राहिली. कुणाला हिणवलं नाही, कुणाला कंटाळली नाही. हळूहळू ‘ट्रक आत्ता निघायला हवा’ असं कानावर पडू लागलं. पाठोपाठ ‘आत्ता काढतो’ असंही. बाई हुशार, सुजय मनात म्हणायचा, फक्त हिला देवाने हसूच दिलं नाही.

श्रावणातल्या एका दुपारी आत्माराम केबिनच्या दारात आले. भिंतीपलीकडच्या हॉलमध्ये बायका कोळंबी सोलत बसल्या होत्या. त्यांत सुजयची आत्या होती, कमलाबाई. आत्मारामांच्या तोंडाला नेहमीचा वाक आला. सुजय हसायच्या तयारीत पुढे झुकला.

“सुजयशेठ, आज काय अत्त—”

ते थांबले.

“अमोनिया गळतोय. दोन नंबरचा व्हॉल्व्ह. बायकांना बाहेर काढ.”

“अमोनिया. दोन नंबर. बायकांना काढतो.” आपण उठलो कधी हे सुजयला कळलंच नाही. एवढ्या काळात पहिल्यांदाच पाढा म्हटल्यासारखं वाटलं नाही. त्याने भोंगा दाबला. “काका, तुम्ही एकटे आत जायचं नाही.”

“एकटा आत जात नाय,” आत्माराम म्हणाले.

बायका ओले पदर नाकाला लावून मागच्या दाराने, वारा येत होता त्या बाजूला निघाल्या. हॉल रिकामा झाला आणि मागोमाग पांढुरका धूर जमिनीलगत आत शिरला. त्यांच्या पाट्या तशाच पडल्या होत्या, त्यांत अर्धी सोललेली कोळंबी. अग्निशमन दलाच्या माणसांनी मुखवटे चढवून व्हॉल्व्ह बंद केला. दोघींना खोकला झाला. बाकी कुणाला काही नाही.

फाटकाबाहेर करंजाच्या सावलीत कमलाबाईने पदर झटकला. “काय रे मेल्या, सुट्टी द्यायची होती तर सकाळीच सांगायचंस. येताना पत्ते आणले असते.”

“पत्ते कशाला गो बाय?” आत्माराम म्हणाले. “तू हरलीस की रडतेस. डोळे आधीच चुरचुरतायत.”

त्या दिवशीचं सगळं तिरकं तिथे साचून होतं, ते एकदम सुटलं. बायका हसून हसून एकमेकींवर पडल्या.  सुजय फाटकाच्या खांबाला टेकला आणि त्याने आम्रपालीला फोन लावला.

“मॅडम, अमोनिया गळला. सगळे बाहेर आहेत, सगळे ठीक आहेत. आत्मारामकाका सरळ बोलले.”

“आणि तुम्ही?”

“तेच परत म्हणालो.”



“काका बोलले तेव्हा कुणी हसलं?”

“नाही मॅडम. कुणीच नाही.”

“बरं,” ती म्हणाली. तिचा आवाज फाटला होता.

काही वर्षांपूर्वी हर्णेच्या एका बर्फाच्या कारखान्यात भागोजी तांबे ऑफिसच्या दारात येऊन ‘आज काय अत्तर शिंपडलंत काय?’ असं म्हणाले आणि एकटेच, शेवटचे, परत यंत्राकडे गेले, तेव्हा सगळ्यांत आधी हसली ती तिथे बिलं टाइप करणारी त्यांची मुलगी, आम्रपाली.