गळाभेट

पळसदेवला एकादशीच्या कीर्तनात बुवांनी बायकोचा मार खाणाऱ्या भोळ्या भक्ताची गोष्ट अशी रंगवली, की सगळं देऊळ हसलं. टाळकऱ्यांत उभे असलेले आबाजीही हसले.

आरतीनंतर सगळ्यांची गळाभेट सुरू झाली. बुवांचा हात पाठीवर पडताच आबाजी कळवळले. सदऱ्याखालचे वळ बुवांच्या बोटांना लागले.

बुवांनी गळ्यातला माइक बंद केला. "आबा, सारजावैनींनी?"

आबाजी खाली बघून टाळांची दोरी गुंडाळत राहिले.

"चुकलं माझं, आबा. ती गोष्ट आता पुन्हा कधी सांगणार नाही."

"तसं करू नका, बुवा," आबाजी म्हणाले. "सांगत जावा. तेवढा येळ तरी वाटतं, माझ्यासारखा आजून एक जण हाय."