तयार चेहरा

इंदुमतीबाईंच्या कृत्रिम डोळ्यांना जे दिसायचं, ते आधी दूरच्या केंद्रातल्या सर्व्हरवर तयार व्हायचं आणि मगच त्यांच्यापर्यंत पोचायचं. दारात त्यांची लेक गार्गी हसत उभी होती. त्यांनी तिला जवळ घेतलं, तर हाताला खांद्याची हाडं लागली. गाल ओला होता.

“रडतेयस का गं?”

“आई, दोन महिने माझा चेहरा उतरलाय. तू मात्र दर वेळी ‘छान दिसतेस’ म्हणतेस.”

त्यांनी घाबरून केंद्राला फोन लावला.

“ओळखीचे चेहरे आम्ही एकदाच तयार करून ठेवतो, काकू,” पलीकडची मुलगी म्हणाली. “तेच पाठवले की चित्र लवकर येतं.”

समोरची गार्गी हसतच होती. इंदुमतीबाईंनी डोळे मिटले, चाचपडत तिचा हात धरला आणि म्हणाल्या, “आता सांग, काय झालंय?”