गोगलगायींचं पथ्य

माणूस असो की गोगलगाय, पोटात जाईल तेच शेवटी अंगात उतरतं, असं निवृत्त प्राध्यापक आठल्ये गंभीरपणे म्हणाले. स्वतः त्यांनी गोगलगाय कधी चाखली नव्हती. त्यांच्या घरात अंडंसुद्धा येत नसे. पण परसात त्यांनी गोगलगायी पाळल्या होत्या, आणि गोव्याच्या हॉटेलातून आलेल्या शेफला त्या आवडल्या तर वर्षभराची ऑर्डर पक्की होती.

शेफनं शेगडी परसातच पेटवली, कारण आठल्यांच्या पत्नी माईंनी त्याला स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडू दिला नव्हता.

"गाजर, कोबी आणि तुळस. बाकी कशाला तोंड लावू देत नाही," आठल्ये सांगत होते. "त्यामुळे मांस पौष्टिक, आणि चवीला गोडसर."

शेफनं एक तुकडा चावला आणि त्याचं तोंड वाकडं झालं. "गोडसर कुठलं, सर? कडूजहर आहे. कारलं खाल्लंय हिनं."

"छे! कारलं कुठून येणार?"

"तेच म्हणते मी," दारातून माई म्हणाल्या. "तुमच्या शुगरसाठी उकडलेलं बिनमिठाचं कारलं या घरात फक्त तुमच्या ताटात असतं. आणि ताट घेऊन तुम्ही रोज परसात जाता. मोकळ्या हवेत जेवायला."

आठल्यांनी गोगलगायींकडे पाहिलं. गोगलगायींनी शिंगं आत घेतली.

ऑर्डर गेली. दुसऱ्या दिवसापासून गोगलगायींना नुसतं गाजर मिळू लागलं, आणि आठल्ये माईंच्या समोर बसून जेवू लागले.