राणी वज्रलेखाचं सिंहासन

वनवासातून परतलेली राणी वज्रलेखा पत्र्याची तलवार घेऊन विंगेत उभी होती, तेवढ्यात संस्थेचे अध्यक्ष आले. अहमदपूरच्या त्या कॉलेजात गॅदरिंगचं नाटक थांबवून पाहुण्याचा सत्कार करायचा रिवाजच होता. मंडपवाल्याची लाल मखमली खुर्ची, म्हणजे राणीचं सिंहासन, नाटक बसवणाऱ्या सरांनी साहेबांना देऊ केली. त्यावर बसलेला कपटी प्रधान झालेला, हजार तलवारींना न भिणारा अमान, हात जोडून मुकाट उठला.

शाल झाली, नारळ झाला, भाषण झालं. ‘बाईला तिची हक्काची जागा मिळालीच पाहिजे,’ असं ठणकावून साहेब परत त्याच सिंहासनावर टेकले.

राणी झालेल्या बुद्धप्रियाचं डोकं सणकलं. "सर, माझा शेवटचा सीन ऱ्हायलाय."

"आता साहेबांला उठवायलीस का? गप जा, मेकअप पूस."

समोरच्या विंगेत तिची सेना, म्हणजे कॉलेजच्या कबड्डी संघातल्या पोरी, तिच्याकडंच बघत होत्या. महिनाभर तालमीत सरांनीच त्यांना बजावलं होतं, "राणीचं वाक्य आलं की सिंहासनावरच्याला खाली ओढायचं. कोण बसलंय ते बघत बसायचं न्हाई."

बुद्धप्रिया सरांचा हात झिडकारून तरातरा मंचावर गेली. साहेबांवर तलवार रोखून तिनं मंडप दणाणून सोडला, "ऊठ! हे सिंहासन माझं आहे!"

 

सेना धावली.