तीनशे सतरा

चर्चमध्ये तिसऱ्या गीतासाठी मंडळी उभी राहिली, पुस्तकांची पानं फडफडली आणि एकदम सगळं गप्प झालं. पहिल्या बाकावरच्या निवृत्त मास्तरांनी फळ्याकडे पाहिलं, पुन्हा पुस्तकात पाहिलं. फळ्यावर तीनशे सतरा. पुस्तकात तीनशे सतरा म्हणजे दफनाचं गीत.

"अहो, गेलं कोण?" मास्तरांनी शेजारच्याला हळूच विचारलं. त्यांचं हळू म्हणजे शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाणारं.

शेवटच्या बाकावर घंटाकाका होते. देवळाची घंटा वाजवायची, बाक पुसायचे आणि पाळकसाहेबांच्या चिठ्ठीवरचे गीतांचे आकडे फळ्यावर लावायचे, ही त्यांची कामं. बावीस वर्षांत एक आकडा चुकला नव्हता. त्यांनी खिशातली चिठ्ठी काढली. सव्वीस, नव्वद, दोनशे एक्क्याऐंशी.

मग हे तीनशे सतरा आलं कुठून? आणि काकांच्या लक्षात आलं. तो काकूंच्या खाटेचा नंबर होता. गेले नऊ दिवस हॉस्पिटलच्या फाटकावर, औषधांच्या खिडकीवर, रिपोर्टच्या रांगेत, जाईल तिथे तोच सांगायचा. "तीनशे सतरावाले तुम्हीच ना?" काकूंचं नाव कोणी विचारतच नव्हतं. डोक्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून त्यांनी डोळे उघडले नव्हते. सकाळी काकांच्या हातांनी आकडे लावले खरे, पण जीव सगळा तिसऱ्या मजल्यावर अडकलेला.

आता काय करावं? पुढे धावत जाऊन आकडे बदलावेत, तर भर उपासनेत शोभा. न बदलावेत, तर जित्याजागत्या बायकोच्या नंबरावर स्वतःच्या हातांनी दफनाचं गीत म्हणायला लावलं की! काका अर्धे उठले, अर्धे बसले. तेवढ्यात ऑर्गनवाल्या बाईंनी सूर धरला. या देवळात फळ्यावर लागलं ते लागलं, त्यावर चर्चा नाही.

मंडळी गाऊ लागली. काकांनी हे गीत शेकडो वेळा ऐकलं होतं, पण कायम कबरीच्या काठाशी, शवपेटीचे दोर सांभाळत. पहिलं कडवं झालं की लक्ष सगळं दोरांकडे. आज हात रिकामे होते, त्यामुळे ऐकणं भाग पडलं. पहिल्या कडव्यात संध्याकाळ होती, दुसऱ्यात बंद दार. तिसऱ्यात प्रभू निजलेल्याच्या उशाशी येऊन त्याला नावाने हाक मारत होता. काकांना एकदम रडू फुटलं, आणि कशाचं रडू ते त्यांना कळेना.

उपासना संपताच त्यांनी पाळकसाहेबांना दारातच गाठलं.

"साहेब, खरं सांगा. देवाने मला निरोप दिला का? ती जाणार म्हणून?"

"मला नाही माहीत, काका."

"मग राहणार म्हणून?"

"तेही नाही माहीत."

"अहो, मग तुम्हाला माहीत तरी काय आहे?" काका चिडून म्हणाले, आणि लगेच त्यांनी जीभ चावली.

पाळकसाहेबांना राग आला नाही. त्यांनी फळ्याकडे बोट केलं. "तिसरं कडवं," ते म्हणाले. "तेवढंच माहीत आहे."

हे काय उत्तर झालं? बसमध्ये काका स्वतःशीच पुटपुटत होते. फाटकावर पहारेकऱ्याने विचारलं तेव्हा "तीनशे सतरा" म्हणताना त्यांची जीभ अडखळली.

काकू तशाच पडून होत्या, नाकात नळी, डोळे मिटलेले. काका स्टुलावर बसले. चाळीस वर्षं संसार झाला, सगळा "अगं" आणि "ऐकलंस का" यांवर चाललेला. त्यांनी आजूबाजूला पाहिलं, मग कानाशी वाकून काकूंना नावाने हाक मारली. नव्या नवऱ्यासारखी लाज वाटली त्यांना. काकू हलल्या नाहीत. काकांनी पुन्हा हाक मारली. मग पुढे काय करायचं ते सुचेना, म्हणून तिसरं कडवं म्हणायला लागले. सूर धड लागत नव्हता, तरी म्हणत राहिले.

सलाईनची बाटली बदलायला आलेली नर्स ऐकत उभी राहिली.

"छान आहे हो, काका. हे कधी म्हणतात?"

काकांनी काकूंच्या मिटलेल्या पापण्यांकडे पाहिलं.

"ते अजून ठरायचंय," ते म्हणाले, आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागले.