खंदकाची बाजू

सकाळी रेश्मा बांधावर चढली, तेव्हा आदल्या दिवशी ठोकलेल्या तिच्या लाल खुंट्या गायब होत्या.

हा बांध साधा नव्हता. दोन पुरुष उंच, गवतानं झाकलेला, कोळवण खोऱ्यातल्या भातखाचरांमधून थेट डोंगराला भिडलेला. एका अंगाला भैरूचं शेत, दुसऱ्या अंगाला सगुणाबाईचं. हजारेक वर्षांपूर्वी एका राजानं दुसऱ्याला अडवायला ही माती रचली असावी, असा रेश्माचा कयास होता. या बांधाच्याच मोजणीसाठी ती पुण्याहून आली होती.

भैरू खाली खाचरात उभा होता.

"काका, माझ्या खुंट्या कुणी काढल्या?"

"आमाला काय ठावं?" त्यानं हनुवटीनं पलीकडं दाखवलं. "वैनीला इचारा. तिला वाटतंय, तिची जमीन दाबाया मीच तुमाला बोलावलंय."

पलीकडं सगुणाबाई गवत कापत होती. तिनं विळा थांबवला नाही. "भावजींनीच काढल्या आसतील. त्यांच्या जमिनीला गिऱ्हाईक आलंय. सरकारी खुंट्या बघून कोण घेतंय?"

"मी सरकारी नाही, मावशी. मी फक्त अभ्यास करते."

"सुरवातीला समदेच आसं म्हंत्यात."

ते ऐकून भैरू तावातावानं बांधावर आला. सगुणाबाईही विळा घेऊन वर चढली. आवाज चढले. विषय बदलावा म्हणून रेश्मानं सगुणाबाईच्या बाजूचा बुजत आलेला चर दाखवला.

"तो खंदक बघा. खंदक शत्रूच्या बाजूला खणतात. म्हणजे बांध घालणारे काकांच्या बाजूचे होते."

"आन् आमच्या बाजूचे?" सगुणाबाईनं विचारलं.



"बगा," भैरू हसला. "ही दुस्मनी तवापास्नंच हाय."

सगुणाबाई हसली नाही. "भैरू," ती म्हणाली. लग्न होऊन आल्यापासून तिनं त्याला कधी नावानं हाक मारली नव्हती. "आजपास्नं माझ्या हद्दीत पाय टाकायचा न्हाई."

तेवढ्यात डोंगराकडून मेंढरं आली. मागून बानूबाई धनगरीण, काखेत लाल खुंट्यांचा जुडगा.

"ह्या तुझ्या का गं, पोरी? मेंढरं अडखळत व्हती, म्हनून काल म्याच उपटल्या. एक कोकरू लंगडतंय बघ."

रेश्माला हायसं वाटलं. "ऐकलंत ना? तुमच्यापैकी कुणीच..."

पण भैरू त्याच्या बाजूला उतरला होता, सगुणाबाई तिच्या.

संध्याकाळी रेश्मा सामान गाडीत भरत होती. सगुणाबाईनं आपलं कुत्रं बांधाच्या माथ्यावर आणून, खुंटी ठोकून बांधलं. भैरूच्या दारात त्याला रोज भाकरी मिळायची. त्या घराकडं बघून ते शेपूट हलवू लागलं.

सगुणाबाईनं काठी उचलली.

"भुंक," ती म्हणाली.