लाल पेटीतलं मत

तिसऱ्यांदा मोजूनही आकडा बदलला नाही. कायदेमंडळाच्या निवडणुकीत अप्पा मास्तर एका मताने पडले.

कर्जतच्या कचेरीपुढे हजारभर माणूस जमलं होतं. "मतं चोरली!" अशी आरोळी उठली, दगड सुटले आणि पोलिसांनी लाठ्या चालवल्या. पोशीरच्या हिरामणचा हात मोडला. तरी लोक हटले नाहीत. चार दिवस कचेरीच्या दारात बसून राहिले.

पाचव्या दिवशी एका कारकुनाकडून बातमी फुटली. पोशीरला एक्केचाळीस मतं पडली होती. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळ्या रंगाची होती. चाळीस मतं अप्पांच्या पिवळ्या पेटीत, एक त्यांच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या खोतांच्या लाल पेटीत.

पोशीर म्हणजे अप्पांचं स्वतःचं गाव. जंगल सत्याग्रहात ते तुरुंगात गेले, शाळेतली नोकरी गेली, तेव्हापासून पडवीतच पोरांना शिकवत. मतदानाच्या आदल्या दिवशी गावातल्या प्रत्येक मतदाराने देवळात बेलभंडारा उचलून त्यांनाच मत द्यायची शपथ घेतली होती.

"म्हंजे चोर सरकारात नाय," जयवंता पाटील म्हणाला. "आपल्याच गावात हाय."

लोक कचेरीपुढून मुकाट्याने उठले. चार दिवस ज्यांच्या नावाने शंख केला, ते शिपाई आता हसत होते.

गावात शिरताच सगळे आदिवासींच्या ठाकूरवाडीकडे वळले. वाडीत मताचा हक्क एकट्या धाऊला होता. त्याच्या नावावर भाताची जमीन होती, शेतसारा तो स्वतः भरत होता, आणि तेव्हा सारा भरणाऱ्यालाच मत होतं.

"धाऊ, उन्हाळ्यात खोताची लाकडं तूच तोडलीस ना रं?" जयवंताने विचारलं.

"तोडली. पर मत अप्पांनाच दिलं."

"आमी सगळे भावकीतले. मंग लाल पेटीत काय भुतानं टाकलं?"

हिरामण झोळीतला हात सांभाळत पुढे आला आणि त्याच्या अंगणात थुंकला.

दुसऱ्या दिवसापासून धाऊच्या बायकोची, ठकीची सरपणाची मोळी कुणी घेईना. ती समोरून आली की बायका पदर ओढून वाट बदलत. धाऊ दोनदा अप्पांच्या घराकडे गेला. दोन्ही वेळा अप्पा ओसरीवरून उठून आत गेले.

"तेंचाबी इश्वास उडाला," तो ठकीला म्हणाला.

"तुमी दिलं ना तेंनाच? मंग कशाला भ्यायचं?"

धाऊ म्हणाला, "खोलीत अंधार व्हता गं. दोनी पेट्या शेजारी. जन्मात पयलं मत. हात चुकला असंल का?"

"चुकला असंल, तर तसं सांगा. माणसं माफ करतील."

तो रात्रंदिवस तेच आठवत राहिला. कधी पेटी पिवळी दिसे, कधी लाल. शेवटी त्याला पिवळी आठवेनाशीच झाली.

सोमवारी देवळापुढे गाव जमलं. अप्पाही आले होते. खाली मान घालून पारावर बसले होते. धाऊ मधोमध उभा राहिला. त्याने पटका काढून पायाशी ठेवला.

"माझाच हात चुकला. मुद्दाम नाय केलं. माझ्यामुळं अप्पा पडले, हिरामणचा हात मोडला. काय दंड द्याल तो घेतो."

आणि त्याने खाली वाकून दगडी पायरीवर नाक घासलं. ठकीने तोंड फिरवलं.

अप्पा एकदम उठले. "पाटील, मला बोलायचंय. धाऊला..."

"बसा, अप्पा," जयवंता म्हणाला. "तुमचं मन मोठं हाय, आमाला ठावं हाय. पर असल्या माणसाची रदबदली करू नका. तुमच्यासाठी पोरांनी लाठ्या खाल्ल्यात."

सगळा गाव अप्पांकडे आदराने बघत होता. कुणीतरी त्यांच्या नावाचा जयजयकार केला. अप्पा पुन्हा खाली बसले.

मंगळवारी सकाळी धाऊ आणि ठकी डोक्यावर बोचकी घेऊन निघाली. खोपोलीला मजुरी मिळेल, तिथे आपल्याला ओळखणारं कुणी नसेल, असं त्यांनी ठरवलं होतं.

गावाबाहेरच्या बांधावर मागून हाक आली. अप्पा अनवाणीच पळत येत होते. जवळ आल्यावर त्यांना धाप लागली, बोलता येईना.

धाऊने बोचकं खाली ठेवलं आणि त्यांचे पाय धरले. "माफी द्या, अप्पा. तेवढी घेऊन जातो."

अप्पांनी पाय मागे ओढून घेतले.

"तुझा हात चुकला नव्हता रे, धाऊ," ते म्हणाले. "स्वतःच्याच पेटीत मत टाकायची मला लाज वाटली."